खोळ्यातला साप

भातखाचरात विरोळा दिसला तर रायगडातला शेतकरी सहसा काठी शोधायला धावत नाही. पाण्यातला साप, बेडूक-मासे खाऊन राहणारा, बिनविषारी, एवढी ओळख त्याला लहानपणापासून असते. हीच ओळख पुढे खाडीच्या मुखापर्यंत जाते आणि समुद्रातल्या सापालाही चिकटते: पाण्यातल्या सापाला विष नसते. याच किनाऱ्यावर मोबाइलच्या पडद्यावरून एक दुसरी समजूतही आली आहे. ती सांगते की समुद्रसापाचे विष नागापेक्षा कितीतरी जहाल असते, त्यामुळे तो समुद्रातला सर्वांत भयंकर प्राणी आहे. पहिली समजूत साफ चुकीची आहे आणि तिने माणसे मरू शकतात. दुसरीतला पहिला भाग खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. विषाची तीव्रता सापाच्या शरीरात असते. धोका मात्र साप आणि माणूस कुठे भेटतात, कोणत्या अवस्थेत भेटतात, यावर ठरतो. उरण-करंजापासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर ही भेट बहुतेक वेळा मासेमारीच्या जाळ्यात होते. सापाविषयीचा प्रश्न जाळ्याच्या अंगाने विचारला, की उपचारांपासून संरक्षणापर्यंत पुष्कळ गोष्टी वेगळ्या दिसू लागतात.

हा किनारा समुद्रसापांना मानवणारा आहे. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका आणि सावित्री पावसाळ्यात सह्याद्रीचा गाळ आणून ओततात, आणि धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांमधून भरती-ओहोटी तो गाळ वर्षभर घुसळत राहते. म्हणून इथले पाणी लक्षद्वीपसारखे निळेशार नाही, मातकट आहे. पण याच मातकट पाण्यात जवळा, कोळंबी, मांदेली आणि बोंबील यांची रेलचेल असते, तळाच्या चिखलावर शिंगाळे चरतात, आणि जिथे एवढे खाद्य तिथे शिकारीही येतातच. भारताच्या समुद्रात समुद्रसापांच्या सुमारे पंचवीस जाती नोंदल्या गेल्या आहेत. कोकणच्या जाळ्यांत त्यांतल्या दोन विशेष आढळतात. एक हायड्रोफिस शिस्टोसस. याच्या वरच्या ओठाचे टोक चोचीसारखे खाली वळलेले असते, म्हणून या प्रकरणापुरते त्याला चोचीचा समुद्रसाप म्हणू. दुसरा हायड्रोफिस कर्टस, जाडजूड आणि आखूड, नराच्या पोटाकडचे खवले काट्यासारखे टोकदार. त्याला आखूड समुद्रसाप म्हणू. शास्त्रीय नामकरणात दोघांचीही नोंद दोनशे वर्षांहून जुनी आहे. जॉर्ज शॉने आखूड सापाचे वर्णन 1802 मध्ये केले आणि फ्रांस्वा दोदँने चोचीच्या सापाचे 1803 मध्ये.

दोघेही नाग आणि मण्यार यांच्याच कुळातले. त्यांचे पूर्वज जमिनीवर राहत होते आणि काही दशलक्ष वर्षांपूर्वी ते पुन्हा समुद्रात उतरले. या उतरण्याच्या खुणा शरीरभर आहेत. नाकपुड्यांवर झडपा आहेत. जिभेखाली जादा मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी आहे. फुप्फुस एकच, पण जवळजवळ शेपटीपर्यंत पोहोचणारे. थोडा प्राणवायू कातडीतूनही घेता येतो. पोटाखालचे जे रुंद खवले जमिनीवरच्या सापाला सरपटायला लागतात ते आक्रसून गेले आहेत, त्यामुळे वाळूवर फेकला गेलेला समुद्रसाप जागच्या जागी वळवळतो, माणसाच्या मागे धावणे त्याला शक्यच नसते. अंडी घालायला किनाऱ्यावर येणारे समुद्री मण्यार अंदमानात आहेत. आपल्याकडचे समुद्रसाप पाण्यातच पिल्ले घालतात, त्यांना जमिनीची गरज उरलेली नाही. ओळखीची खरी खूण शेपटी आहे. ती वल्ह्याच्या पात्यासारखी उभी चपटी असते. विरोळ्याची शेपटी गोल आणि निमुळती, कांदळवनातल्या चिखलात राहणाऱ्या सापांचीही तशीच गोल. अंगावर खवले नसलेली, पाठीवरून लांबच लांब पर गेलेली वाम तर साप नव्हेच, तो मासा आहे, जरी किनाऱ्यावर पडलेली वाम पाहून पर्यटक साप साप म्हणून ओरडत असले तरी. विरोळ्यावरून समुद्रसापाबद्दल अंदाज बांधणाऱ्याने एवढी एक शेपटी पाहिली तरी पहिली समजूत गळून पडते.

आता दुसरी समजूत. विष खरोखर जहाल का असते याचे उत्तर शिकारीत आहे. जमिनीवर घोणस उंदराला चावून सोडून देते आणि मग वास काढत त्याच्या मागावर जाते. समुद्रात ही सोय नाही. चावून सोडलेला मासा वर, खाली, कुठेही जाईल आणि गढूळ पाण्यात क्षणात नाहीसा होईल. मलेशियातल्या मुआर नदीच्या मुखाशी चोचीच्या सापावर जे काम झाले त्यात त्याच्या पोटात मुख्यतः शिंगाळे आणि काही प्रमाणात केंड सापडले. शिंगाळा हातात धरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की त्याचे तीन काटे ताठ झाले की तो कोणालाही सोपा नसतो. केंड फुगतो, आणि वर विषारी. असे भक्ष्य तोंडात धरून ठेवायचे आणि लगेच लुळे पाडायचे, तर विषाने स्नायू आणि चेतातंतू यांच्यातला दुवा तत्काळ तोडला पाहिजे. म्हणून समुद्रसापाच्या विषात घटक थोडे, पण नेमके आणि तीव्र. हे विष मिळते तरी किती? चोचीच्या सापातून एका वेळी सरासरी आठ-नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तर नागातून त्याच्या कित्येक पट. दात तीन-चार मिलिमीटरचे. आणि हे विष माशासाठी आहे. माणूस त्याला गिळता येत नाही, त्यामुळे माणसावर विष खर्च करण्यात सापाचे नुकसानच असते. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर मोजलेली तीव्रता आणि किनाऱ्यावरचा धोका यांची गल्लत होते ती नेमकी इथे.

तो धोका प्रत्यक्षात कसा दिसतो, हे सर्वांत नीट पाहिले ते पेनांगच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अॅलिस्टर रीड यांनी. 1957 ते 1964 या काळात त्यांच्याकडे समुद्रसाप चावलेले 101 रुग्ण आले. त्यांतले बहुतेक मच्छीमार होते. सुमारे 80 टक्के लोकांत विषबाधा झालीच नव्हती किंवा नगण्य होती, कारण सापाने चावताना विष सोडलेच नव्हते किंवा फार थोडे सोडले होते. मृत्यू 8. चावे प्रामुख्याने जाळे हाताळताना, मासळी निवडताना किंवा उथळ गढूळ पाण्यात साप पायाखाली आल्याने झालेले. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ग्रूट आयलंटजवळ एका ट्रॉलरवरचा तरुण खलाशी समुद्रसापाच्या चाव्याने दगावला, तोही जाळे वर घेताना. पोहणाऱ्याचा पाठलाग करून चावणारा समुद्रसाप या नोंदींत दिसत नाही. दिसतो तो खोळ्यात, म्हणजे जाळ्याच्या बंद टोकाच्या पिशवीत, कोंडलेला, शेकडो किलो मासळीखाली दबलेला, गुदमरलेला आणि मग अचानक फळीवर ओतला गेलेला साप, आणि त्याच ढिगात हात घालणारा खलाशी.

रायगडच्या किनाऱ्यावर या प्रसंगाची खास रचना आहे, आणि तिचे नाव डोल. डोल हे नरसाळ्याच्या आकाराचे जाळे तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाला लावतात. ते ओढावे लागत नाही, मासळी ओढून आणण्याचे काम भरती-ओहोटीचे पाणीच करते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याचा ओढा सर्वांत जोरदार, म्हणून तेव्हा मासळी जास्त, भांगाच्या दिवसांत कमी. जाळे उचलायचे ते पाणी थांबते तेव्हा, आणि एका भरतीला किंवा ओहोटीला साधारण सहा तास लागतात. बोंबलाला याने फरक पडत नाही, त्याला कल्ले आहेत. समुद्रसापाला पडतो. तो साधारण अर्धा तास, क्वचित दोनेक तास पाण्याखाली राहू शकतो, पण शेवटी त्याला पृष्ठभागावर येऊन श्वास घ्यावाच लागतो. ओढ्याच्या सुरुवातीला खोळ्यात गेलेला साप जाळे उचलेपर्यंत बहुधा बुडून मेलेला असतो. शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात गेलेला साप जिवंत असतो, आणि तोच चावतो. तासन्‌तास तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यातही हिशेब हाच.

इथे एक वजनदार आक्षेप येतो: आपल्याकडे चाव्यांची नोंदच होत नसेल तर धोका कमी आहे हे कशावरून? आक्षेप पोकळ नाही. देशभरच्या मृत्यूंच्या मोठ्या अभ्यासातून 2005 या एका वर्षात भारतात सर्पदंशाने सुमारे 46,000 माणसे दगावली असा अंदाज निघाला, आणि रुग्णालयांच्या नोंदींत दिसणारा आकडा त्याच्यापुढे फारच लहान होता. शेतात होते ते होडीवर होत नसेल असे मानायला आधार नाही. समुद्रसापाचा चावा तर फारसा दुखत नाही, सूजही नाममात्र, त्यामुळे तो काट्याच्या टोचण्यात खपून जाऊ शकतो. पण हा आक्षेप मूळ मुद्द्याच्या विरोधात जात नाही, तो त्याला बळच देतो. रीड केवळ रुग्णालयात येणाऱ्यांवर विसंबले नाहीत. वायव्य मलायातल्या मच्छीमार गावांत पाहणी करून त्यांनी रुग्णालयात न येणारे चावेही शोधले. न नोंदलेले चावेही त्याच हातांना झालेले होते, जाळे ओढणाऱ्या आणि मासळी निवडणाऱ्या. संख्या कितीही वाढली तरी धोक्याची जागा बदलत नाही. उलट, ज्याची नोंद होत नाही त्याचा उपचारही होत नाही.

उपचाराची स्थिती चिंता वाटावी अशी आहे. भारतात मिळणारी सर्पदंशविरोधी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. समुद्रसापाच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठीची खास लस ऑस्ट्रेलियात तयार होते, अलिबागच्या किंवा श्रीवर्धनच्या रुग्णालयाच्या कपाटात ती नसते. मग हातात काय उरते? विष नेमके काय करते हे जाणणे. साधारण अर्ध्या तासापासून काही तासांत अंग दुखू लागते, मान आणि हातपाय आखडतात, जबडा उघडेना होतो, पापण्या जड होतात. विष स्नायूंचे तंतूच फोडते. त्यातून सुटलेले लालसर द्रव्य मूत्रपिंडात अडकते आणि लघवी काळपट-तांबडी होते. स्नायूंतले पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाचा ठोका बिघडवते. मण्यार चावली तर तिचाही चावा दुखत नाही, पण तिथे मुख्य चिंता श्वासाची. इथे श्वासाबरोबर मूत्रपिंड आणि हृदय यांचीही. म्हणून खलाशाला वाचवणाऱ्या गोष्टी म्हणजे कृत्रिम श्वासोच्छ्वास, सलाइन, रक्ततपासणी, गरज पडल्यास डायलिसिस, आणि या सगळ्यापर्यंत लागणारा वेळ. चाव्याच्या जागी चिरा देणे, रक्त चोखणे, दोरी करकचून आवळणे यात तो वेळच वाया जातो. अंग हलू न देता होडी किनाऱ्याला लावणे आणि लघवीचा रंग पाहत राहणे, हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, शिकवता येण्यासारखे आहे.

लस नसताना उपचार तरी काय करणार, असे म्हणणाऱ्यांसाठी उदाहरण रायगडातच आहे. महाडच्या परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर काम सुरू केले तेव्हा तो दंश म्हणजे अनेकदा मृत्यूच असे. विंचवाचे विष शरीरात रासायनिक वादळ उठवून हृदयाला थकवते, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरले आणि मृत्यू झपाट्याने घटले. विंचू तितकेच विषारी राहिले आणि तितक्याच संख्येने राहिले. बदलले ते विष शरीरात काय करते याचे ज्ञान, आणि ते ज्ञान प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचले. समुद्रसापाच्या बाबतीत हे ज्ञान साठ वर्षांपासून छापलेले उपलब्ध आहे. थळ, वरसोली, मुरूड, दिघी, दिवेआगर इथल्या आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर ते मराठीत लागण्यास कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नाही.

दुसरा आक्षेप किनाऱ्यावर येणाऱ्यांचा आहे. शनिवार-रविवारी नागाव, काशीद, हरिहरेश्वरच्या पाण्यात हजारो माणसे उतरतात. त्यांना सावध करायला नको का? करायला हवेच, पण कशापासून हे आधी ठरवले पाहिजे. वाळूत अंग पुरून बसलेल्या पाकटावर पाय पडला की शेपटीवरचा करवतीसारखा काटा घोट्यात घुसतो. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पन्नासहून अधिक भाविकांना असेच पाकटांनी जखमी केले. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागणारे निळे ब्लूबॉटल अंगाची आग करतात. मोठ्या मुशीचा हल्ला इथे फार दुर्मीळ, तरी फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका माणसाचा पाय बुल शार्कने तोडला. हा मासा गोड्या पाण्यातही शिरू शकतो, हे त्या खाडीकाठी फारसे कोणाला माहीत नव्हते. या यादीत पोहणाऱ्याच्या दृष्टीने समुद्रसाप खूप खाली येतो. पावसाळ्यातल्या वादळानंतर वाळूवर आलेल्या सापाला हात न लावणे, आणि गढूळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत, सरकवत चालणे, एवढे पुरे आहे. पाय घासत चालण्याने पाकटही आधीच दूर सरकतो.

आतापर्यंत जाळ्याकडे माणसाच्या बाजूने पाहिले. सापाच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक गंभीर आहे. मालवणच्या परिसरात संशोधकांनी जाळ्यांत येणाऱ्या समुद्रसापांची नोंद केली आणि ती या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींशी ताडून पाहिली. पूर्वी तिथे आखूड समुद्रसाप अधिक मिळे, आता चोचीच्या सापाचे प्राबल्य झाले आहे. हा बदल मासेमारीशी जोडून पाहिला जातो. आखूड साप किनाऱ्यापासून जरा दूर, जिथे ट्रॉलर फिरतात त्या पाण्यात जास्त राहतो आणि अनेक प्रकारचे मासे खातो. चोचीचा साप खाडीमुखाच्या उथळ पाण्यातला. म्हणजे समुद्रात साप अजून दिसतात यावरून सगळे ठीक आहे असे म्हणता येत नाही. कोणता साप दिसतो हे मोजावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या अॅशमोर प्रवाळद्वीपाचे उदाहरण याहून कडवे आहे. 1983 पासून संरक्षित असलेल्या या जागी 1990 च्या दशकात समुद्रसापांच्या अनेक जाती मुबलक होत्या. वीसेक वर्षांत त्या जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही. थायलंडच्या आखातात तर व्हिएतनामी बोटी दर वर्षी सुमारे 80 टन, म्हणजे दोन लाखांहून अधिक समुद्रसाप पकडून विकत, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. आपल्याकडे असा बाजार नाही. इथे सापाला कोणी पकडायला जात नाही, तो आपोआप मरतो, आणि म्हणूनच त्याचे मरण कोणाच्या हिशेबात येत नाही. कोकणच्या कड्यांवर आणि उंच झाडांवर घरटी करणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड मात्र श्वास घ्यायला वर आलेला समुद्रसाप उचलून पिलांना भरवतो. गढूळ पाण्याच्या तळातले शिंगाळे आणि आभाळातला गरुड यांना जोडणारा दुवा हा साप आहे.

कोळ्यांच्या बाजूने यावर रोखठोक प्रश्न येईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार 2019 मध्ये महाराष्ट्रात फक्त 2.01 लाख टन मासळी मिळाली, 45 वर्षांतली सर्वांत कमी. डिझेल महाग, मासळी कमी, वादळे जास्त. अशा दिवसांत सापाची काळजी कोळ्याने का वाहावी? त्याच्यावर भार टाकणारा उपाय टिकणार नाही, हे खरेच. पण या प्रश्नात सापाला कोळ्याचा स्पर्धक मानले जाते, आणि तसे चित्र नाही. पापलेट, सुरमई, घोळ यांच्यासाठी तो कोळ्याशी झगडत नाही. मासळी घटण्याची कारणे बारीक आसाची जाळी, अंडी भरलेल्या माशांची धरपकड आणि तळ खरवडणे या मानवी सवयींत आहेत, आणि याच सवयी सापालाही मारतात. शिवाय साप सोडण्यात कोळ्याचे नुकसान होत नाही. कासव किंवा देवमुशी जाळ्यात अडकली तर ती सोडवताना जाळे कापावे लागते. म्हणून महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने 2018 च्या अखेरीस अशा जाळ्यासाठी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई सुरू केली. सापासाठी जाळे कापावे लागत नाही. खोळा फळीवर रिकामा केल्यावर हात घालण्याआधी ढीग लांब दांड्याने पसरवणे, चपटी शेपटी दिसली तर त्याच दांड्याने साप उचलून पाण्यात टाकणे, आणि जाडसर हातमोजे वापरणे, एवढ्याने खलाशाचा हात आणि सापाचा जीव दोन्ही वाचतात.

अर्थात हे फक्त जिवंत वर आलेल्या सापासाठी. बुडून मेलेल्यासाठी उपाय वेळेचा आहे: ट्रॉलचा फेरा लहान करणे, किंवा ऑस्ट्रेलियातल्या कोळंबीच्या ट्रॉलरांप्रमाणे जाळ्यात सापाला बाहेर पडायची वाट ठेवणे. डोलीला ही सूट नाही, तिचा वेळ चंद्र ठरवतो. चोचीच्या सापाची मादी साधारण दीड वर्षात वयात येते आणि एका वेळी सरासरी अठरा पिल्ले घालते, तीही बहुतेक पहिल्याच वर्षात मरतात. वयात येऊन पिल्ले घालण्याइतकी जगलेली मादी म्हणजे शंभर पिल्लांमधून उरलेल्या मोजक्यांतली एक. उधाणाच्या ओढ्यात ती डोलीच्या तोंडातून आत गेली, की खोळ्यात पोहोचायला तिला फार वेळ लागत नाही. पाणी थांबायला मात्र अजून चार-पाच तास असतात.